भरलेल्या पिस्तुलाची खोळ

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. साल छप्पन, जानेवारी उतरत आलेला, वार सोमवार. मराठी राज्यासाठीच्या मोर्चांवर गोळीबार झाला त्या दिवसांत बंद असलेली झवेरी बाजारातली पेढी त्या सकाळी परत उघडली, आणि दुकानाला अगरबत्ती ओवाळून होताच शेठ आपल्या रखवालदाराला म्हणाले, "गुणाजी, आजपासून एक गोळी वर चढवूनच ठेव हां. वखत खराब आहे."

मी तेव्हा जन्मायची होते. पण माझी जन्मवेळ कोणी विचारली तर मी हीच सांगते. ती गोळी वर चढली नसती, तर मला कोणी शिवलंच नसतं.

मी खोळ. उशीची नव्हे, छत्रीची नव्हे. पिस्तुलाची. शेठ मला होल्स्टर म्हणत, गुणाजी पाकीट म्हणत. पण घरात जे नाव पडतं तेच चिकटतं. लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मी खोळच.

गोळी वर चढवणं म्हणजे काय, ते आधी सांगते. पिस्तुलाच्या मुठीत एक पत्र्याची पेटी असते. गोळ्या तिच्यात एकीवर एक बसलेल्या असतात. त्या तिथे आहेत तोवर पिस्तूल झोपलेलं. वरचं पोलाद मागे ओढून सोडलं की पेटीतली एक गोळी उचलली जाते आणि नळीच्या मुळाशी जाऊन बसते. मग पिस्तूल जागं. बाजूला एक छोटा खटका असतो, सेफ्टी म्हणतात, तो लावून ठेवतात. पण खटका तो खटकाच. कापडाला घासूनही तो सरकतो. तो सरकला की मग चापाला काहीतरी लागायचाच अवकाश. बोटच पाहिजे असं नाही.

गुणाजींकडे तोवर एक खाकी कापडाचं जुनं पाकीट होतं, लढाईतलं. ते कडेला उसवलेलं होतं आणि चाप त्यातून बाहेर डोकावायचा. पिस्तूल झोपलेलं होतं तोवर कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

शेठ राहायचे गिरगावात. संध्याकाळी त्यांना घरापर्यंत पोचवायचं आणि तिथून लालबागला यायचं. सकाळी परत गिरगाव, तिथून शेठबरोबर पेढी. त्यामुळे रात्री पिस्तूल घरी येणारच. परवान्यात गुणाजींचं नाव होतं, त्यात काही चोरटं नव्हतं.

त्या संध्याकाळी गुणाजींनी घरी सांगितलं. त्यांची बायको सुभद्रा भाकरी थापत होती. हे सगळं मी नंतर ऐकलं. घरात ते पुष्कळदा बोललं जायचं.

"म्हणजे आता नुसतं बोट लागलं की झालं?"

"खटका लावलेला असतो."

"पण झालं ना?"

"हां. झालं."

"आणि ते ह्या खोलीत असणार."

"उंच खुंटीला असेल. चिंतू काय, नुसता रांगतो."

"आज रांगतो," सुभद्रा म्हणाली आणि तिने भाकरी तव्यावर टाकली.

तिचा भाऊ रघु त्याच गोळीबारात गेला होता. तो मोर्चात नव्हता की कशात नव्हता. पाळी संपवून गिरणीतून आला होता आणि नाक्यावर विडी घ्यायला उभा राहिला होता. सुभद्रा रडली नाही. शेजारणी म्हणायच्या, अगो रड, मोकळी हो. ती हो म्हणायची आणि तांदूळ निवडायला बसायची. मी त्या घरात गेले तेव्हा ती अशीच होती. कोणी काही सांगितलं तर करायची, विचारलं तर बोलायची. मी कातडं आहे. जनावर गेल्यावर जे मागे राहतं ते मी. टोचलं तरी मला कळत नाही. तिचंही मला तसंच वाटायचं. फक्त मूल दारापाशी गेलं की ती उठायची.

तर नवी खोळ करून घ्या, असं तिनेच सांगितलं.

बुधाजी चांभार चाळीच्या जिन्याखाली बसायचा. गुणाजींनी पिस्तूल पूर्ण रिकामं करून त्याच्यापुढे धरलं. बुधाजीने त्याला हात लावला नाही. एका फळकुटावर खडूने त्याचा आकार काढून घेतला.

"गुणाजीराव, चपलेचा अंगठा तुटला तर पाय भाजतो. हे तुटलं तर?"

"म्हणून तर चांगलं कर म्हणतोय."

"बोट जायला जागा ठेवू? म्हणजे काढताना पटकन..."

"नको. तेवढंच नको. चाप पुरता झाकला पाहिजे. बाहेरून दाबला तरी आत कळता कामा नये."

"मग जाड म्हशीचं घालतो. हत्ती बसला तरी कळायचं नाही."

असा माझा जन्म. म्हशीचं दुहेरी कातडं, मेणाचा दोरा, पाठीला पट्टा ओवायला दोन घट्ट फासे. आणि मुठीवरून आडवी येणारी एक पट्टी, तिला पितळेचं टिचबटण. बुधाजी मला द्यायला वर आला तेव्हा गुणाजींच्या आई, राधाबाई, दारात उभ्या होत्या. त्यांनी मला हातात घेतलं नाही. "थंयच ठेव, उंबऱ्याभायर," म्हणाल्या. त्याचे पैसेही त्यांनी उंबऱ्यावरच ठेवले. बुधाजीने ते उचलले. त्याला सवय होती. मलाही मग झाली.

त्या दिवसापासून पिस्तूल माझ्यात राहायला लागलं. सकाळी गुणाजी पट्टा कमरेला बांधायचे. त्याआधी चाळीच्या सार्वजनिक संडासाची रांग उरकून घ्यायचे, मग ती कितीही लांब असो. कारण एकदा मला बांधलं की आत जाऊन पट्टा सोडायचा म्हणजे पंचाईत. मला कुठे टांगणार? दाराची कडी तुटलेली. पेढीवरही ते पाणी बेतानेच प्यायचे. मुनीम हसायचे, "गुणाजी, पिस्तूल तुम्ही सांभाळता की पिस्तूल तुम्हाला?" गुणाजी म्हणायचे, "दोघं एकमेकांना. तुमचं तसं कोण आहे?"

ट्राममध्ये ते उजवी बाजू खांबाला लावून उभे राहायचे आणि कोपर माझ्यावर ठेवायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, बरगडीत चमक आहे. बसायला जागा मिळाली तरी बसायचे नाहीत, कारण शेजारचा माणूस खेटून बसतो. शेठसमोर पिस्तूल परत आत घालायची वेळ आली तर ते कधीही न बघता घालायचे नाहीत. आधी माझ्या तोंडात डोकावायचे. एकदा सदऱ्याचं टोक आत गेलं होतं. चापाच्या कमानीत सदऱ्याचं टोक अडकलं आणि तुम्ही वरून जोर दिलात, की ते टोकच बोटाचं काम करतं. गुणाजी थांबले, पिस्तूल बाहेर काढलं, सदरा खोचला, मग सावकाश आत सरकवलं. शेठ म्हणाले, "किती वेळ?" गुणाजी म्हणाले, "काढायला घाई असते शेठ, ठेवायला कसली?"

ते चांगले होते ह्यात. मी त्यांच्या कमरेला होते, मला माहीत आहे.

संध्याकाळी चाळीत शिरताना शामराव गॅलरीत उभा असायचा. तो समितीच्या कामात होता. सभांना जायचा, भिंतींवर लिहायचा. त्याचा काही त्रास नव्हता, पण तोंड होतं.

"काय गुणाजी, शेठचा जावई आला का पिस्तूल लावून?"

"जावई असतो तर गाडीतून उतरलो असतो रे."

"आमच्यावर तर नाही ना रोखणार?"

"तुझ्यावर कशाला गोळी फुकट घालवू?"

लोक हसायचे. सुभद्रा हसायची नाही. तिचं लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं. खोलीत आल्यावर गुणाजी पट्टा सोडायचे, पिस्तूल माझ्यातच ठेवून सगळं एकदम वर खुंटीला अडकवायचे, आणि शेवटी अंगठ्याने बटण दाबून बघायचे. टिच. तो आवाज आला की सुभद्रा चुलीकडे वळायची. आला नाही तर ती वळायची नाही. गुणाजींना हे कळायला बरेच दिवस लागले. कळल्यावर ते मुद्दाम जोरात दाबायला लागले.

एका रविवारी ती म्हणाली, "मला दाखवा, रिकामं कसं करतात."

"तुला कशाला?"

"दाखवा."

राधाबाई मूल घेऊन खाली गेल्या होत्या. गुणाजींनी दगडी भिंतीकडे तोंड करून पिस्तूल माझ्यातून काढलं. आधी मुठीतली पेटी काढली आणि खिशात ठेवली. मग बाजूचा खटका खाली केला, कारण तो लावलेला असला की वरचं पोलाद हलत नाही. मग ते पोलाद मागे ओढलं. नळीच्या मुळाशी बसलेली गोळी टुणकन उडाली, फरशीवर ठण्णकन पडली आणि घरंगळत मोरीपर्यंत गेली.

"पेटी काढली तरी ही आत राहते?" सुभद्राने विचारलं.

"राहते. पुष्कळ जण तिथेच फसतात. पेटी काढली, झालं रिकामं, म्हणतात. म्हणून दोन कामं. आधी खालचं, मग वरचं. पडलेली डोळ्यांनी बघायची."

सुभद्राने मोरीतून ती गोळी उचलली. पदराने पुसली. ती हातात धरून थोडा वेळ बघत राहिली, मग गुणाजींच्या हातावर ठेवली. म्हणाली, "एवढीशीच असते." रघुचं नाव दोघांनीही काढलं नाही.

असे महिने गेले. पाऊस आला नि गेला. मला गुणाजींनी मेण लावलं. चिंतू रांगायचा तो भिंतीला धरून उभा राहायला लागला, मग चालायला लागला. त्याला खुंटीवरची मी दिसायची. माझ्याकडे बोट करून तो "ट्ट" म्हणायचा. राधाबाईंना त्याचं कौतुक. सुभद्रा त्याचं तोंड दुसरीकडे वळवायची. तिने गुणाजींकडून खुंटी आणखी वर ठोकून घेतली. मग तिच्याखालची ट्रंक हलवली, चढायला नको म्हणून. मग ट्रंक जिथे ठेवली तिथून खिडकी जवळ पडते म्हणून परत हलवली. त्या खोलीत सामान हलवायला तरी कितीशी जागा!

आणि दसरा आला.

राधाबाई मालवणकडच्या. गावी दसऱ्याला घरातलं झाडून सगळं लोखंड पाटावर यायचं, कोयता, पारय म्हणजे पहार, विळी. मुंबईतही त्या चुकवत नसत. दरवर्षी गुणाजींची काठी ठेवायच्या. त्या वर्षी म्हणाल्या, "पिस्तूल ठेव."

"आये, त्याला कसलं फूल वाहतेस?"

"हत्याराच्या जीवार पोट भरता आपला. तेका एक फूल नको?"

वर्षाचा सण, आईला नाही कसं म्हणायचं. सुभद्रा म्हणाली, "आई, मग खोळीतच राहू दे ना. खोळीसकट पाटावर ठेवू. वरून फूल वाहू."

"शिरा पडली तुझ्या तोंडार! देवाच्या पाटार कातडा?"

गणपतीत त्याच खोलीत ढोलकी वाजली होती. तिच्यावर कातडंच असतं, आणि ती देवासमोरच असते. ढोलकीचं कातडं चालतं आणि माझं का चालत नाही, हे मी कोणाला विचारणार? माणसांच्या ह्या गोष्टी त्यांच्या त्यांनाच माहीत.

दसऱ्याच्या सकाळी पाट मांडला. विळी, कोयता, अडकित्ता, काठी, ओळीने. खोलीच्या एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला नुसत्या फळ्यांची. फळ्यांपलीकडे सुंदराबाईंची खोली. त्या राधाबाईंच्या वयाच्या, सकाळी त्याच फळ्यांना पाठ टेकून सुपारी कातरत बसायच्या. कट, कट, असा आवाज यायचा. खोलीत सगळ्यांना त्याची इतकी सवय होती की तो कोणाला ऐकूच यायचा नाही.

गुणाजी आंघोळ करून आले. मला खुंटीवरून काढलं. दगडी भिंतीकडे तोंड करून बटण उघडलं, पिस्तूल बाहेर काढलं आणि मला परत खुंटीला अडकवलं. पेटी काढली, खिशात ठेवली. खटका खाली केला. डावा हात वरच्या पोलादावर ठेवला.

"गुणो!" राधाबाई पाटाजवळून म्हणाल्या. "कातड्याक लागलेले हात तसेच पाटाक लावतलंस की काय? आधी हात धू."

"होय गे आये, एवढं एक..."

"एवढा नि तेवढा काय नाय. मुहूर्त टळतलो. ह्या पानार ठेव ता, नि जा हात धू."

त्यांनी केळीचं पान पुढे केलं. गुणाजींनी पिस्तूल पानावर ठेवलं आणि मोरीवर गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, तोंडावरून पाणी फिरवलं, टॉवेलला पुसले. हात धुताना माणूस मागचंही धुऊन टाकतो. ते मोरीवरून आले तेव्हा त्यांचा चेहरा काम पुरं झालेल्या माणसाचा होता.

मी खुंटीवर होते, रिकामी. पिस्तूल पाटावर होतं, भरलेलं. इतके महिने त्याच्या चापावर मी होते. त्या दिवशी त्याच्यावर झेंडूची पाकळी होती.

मला ओरडता येत नाही. मी बघत होते.

राधाबाईंनी पाणी शिंपडलं. विळीला हळद लावली, कोयत्याला लावली, पिस्तुलाला लावली. कुंकू लावलं. पिस्तुलाचं तोंड फळ्यांकडे होतं. पलीकडे कट, कट चाललं होतं. मग त्यांनी मान वर केली.

"चिंतूक हाड हंय. पोराचो हात लागांदे हत्याराक. बापासारखो होवचो आसा."

सुभद्रा मुलाला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. ती हलली नाही.

"आण गो," गुणाजी म्हणाले. "रिकामं आहे. हे बघ," आणि त्यांनी खिसा थोपटला. पेटी वाजली.

सुभद्रा पुढे आली. आली कारण दोघांनी सांगितलं होतं, आणि त्या दिवसांत सांगितलेलं ती करायची. पाटापाशी ती वाकली. राधाबाईंनी चिंतूचा हात धरला, त्याची बोटं हळदीत बुडवली. चिंतूला गंमत वाटली. त्याने ती पिवळी बोटं पिस्तुलाकडे नेली, आणि मुलांची बोटं जातात तिथेच ती गेली, जिथे भोक दिसतं तिथे. चापाच्या कमानीकडे.

"गोळी कुठे पडली?" सुभद्रा म्हणाली.

"काय?"

"पडल्याचा आवाज आला नाही."

"अगो, पेटी खिशात आहे."

"ती नव्हे. वरची."

असं म्हणत तिने मुलाला मागे घेतलं. हिसकलं नाही, नुसती सरळ उभी राहिली आणि एक पाऊल मागे आली. चिंतूचा हात हवेत राहिला. तो रडायला लागला.

"सणाच्या दिवशी काय गो ह्या," राधाबाई म्हणाल्या. "पूजा अर्धी रवली!"

गुणाजी हसले. बायको घाबरली की नवरे हसतात तसे. "थांब, तुला दाखवतोच रिकामं आहे ते." त्यांनी पिस्तूल उचललं. आपलं बरोबर आहे हे दाखवायचं असलं की माणूस सगळ्यात सोपी गोष्ट करतो. त्यांचं बोट चापाकडे निघालं. तोंड फळ्यांकडेच होतं.

"चाप नको," सुभद्रा म्हणाली. मीठ मागावं तशा आवाजात. "वरचं ओढा."

"तेच ते."

"वरचं ओढा."

"बरं बाई, वरचं ओढतो."

त्यांनी ओढलं. गोळी टुणकन उडाली आणि कुंकवाच्या तबकडीत पडली. तबकडी उलटली. कुंकू फरशीवर पसरलं, पाटावर, राधाबाईंच्या लुगड्यावर, गुणाजींच्या पायांवर. गोळी थोडी घरंगळली आणि विळीला लागून थांबली. तीही लाल झाली होती.

चिंतूचं रडणं थांबलं. फळ्यांपलीकडचं कट, कट थांबलं.

"काय गो राधाबाई?" पलीकडून सुंदराबाईंनी विचारलं. "काय सांडला?"

राधाबाई गोळीकडे बघत होत्या, मग फळ्यांकडे बघितलं, मग परत गोळीकडे.

"कुंकू," त्या म्हणाल्या. "कुंकू सांडला."

"अगो बाय माझ्या, दसऱ्याक! पुसू नको हां. उचलून घे."

"होय. उचलतंय."

पलीकडे अडकित्ता परत सुरू झाला.

गुणाजी खाली बसले. मग उठले, पिस्तुलाच्या नळीत डोकावले, बोट घालून चाचपलं, आणि मला खुंटीवरून काढून पिस्तूल माझ्यात घातलं. त्यांच्या बोटांना कुंकू होतं. पट्टी ओढली, पण बटण लागेना. दोनदा निसटलं. सुभद्राने चिंतूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि अंगठ्याने दाबलं. टिच.

त्या संध्याकाळी सुंदराबाई आपट्याची पानं घेऊन आल्या. "सोना घे गो, राधाबाई." राधाबाईंनी पान घेतलं आणि खाली वाकून त्यांच्या पाया पडल्या.

"याड लागला तुका? एकाच वयाच्या आपण. माझ्या पाया कसल्या पडतंस?"

"दसरो आसा," राधाबाई म्हणाल्या.

सुंदराबाईंना कोणी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरगावात गुणाजी शेठना म्हणाले, "रात्री हे मी घरी नेणार नाही. लहान मूल आहे."

शेठ दात घासत होते. म्हणाले, "तर माझ्या कपाटात ठेव. किल्ली मारून. पहले का नाही बोलला?"

गुणाजी का बोलले नव्हते, ते मला माहीत होतं. रखवालदाराने भ्यायचं नसतं, असं त्यांना वाटायचं. एवढे महिने खुंटी वर गेली, ट्रंक इकडची तिकडे झाली, एक बाई आवाजाकडे कान लावून बसली. आणि एका वाक्यात झालं. घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा सुभद्रा "हं" म्हणाली. त्यानंतर रोज संध्याकाळी मी रिकामीच घरी यायचे. तरी गुणाजी बटण लावायचे, आणि तरी ती वळून बघायची.

पुढे राज्य झालं. लालबागेत दिवे लागले, पेढे वाटले. शामरावाने गुणाजींच्या तोंडातही पेढा कोंबला. "घे रे जावया," म्हणाला. सुभद्राने पेढा हातात घेतला आणि रघुच्या फोटोसमोर ठेवला. नंतर तो चिंतूने खाल्ला. पेढीला लोखंडी जाळीचं दार आलं, शेठनी पिस्तूल जमा करून टाकलं. गुणाजी आता नुसत्या काठीने दाराशी उभे असतात. संडासाच्या रांगेची त्यांना आता काळजी नसते.

मी त्याच खुंटीवर आहे. कातडं सुकलंय, पाठीचा एक फासा सुटलाय. चिंतू आता बालवाडीत जातो. खुंटी खाली आणली आहे आणि माझ्यात त्याच्या पाटीच्या पेन्सिली असतात. तो येता जाता माझं बटण उघडतो, लावतो. टिच. चुलीपाशी सुभद्राचा हात थांबतो. मग परत चालू होतो. तो विचारतो, ह्यात पूर्वी काय होतं? ती म्हणते, बाबांचं काहीतरी.

देवाच्या पाटावर मला कोणी ठेवलं नाही. पण माझ्या शिवणीत अजून थोडं कुंकू आहे. गुणाजींच्या बोटांचं. ते निघत नाही.

मला आता कोणी कमरेला लावणार नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं हत्यार येत असेल, रखवालदाराच्या, शिपायाच्या, फौजदाराच्या, तर त्या घरातल्या बाईला जाऊन सांगा. बाप्यांना सांगितलं तर ते नुसतं हो म्हणतात. सांगा, की ते खोळीत असेल तर खोळीतच राहू दे, देवाला खोळीवरून फूल पोचतं. बाहेर काढलंच तर मध्येच कोणी हाक मारली, हात धू म्हटलं, तरी हातातलं काम पुरं केल्याशिवाय ते खाली ठेवू देऊ नका. पेटी काढली म्हणजे रिकामं झालं असं नाही. वरची गोळी पडलेली ऐका, आणि बघा. रिकामं आहे हे दाखवायला कोणी चाप ओढायला लागलं तर त्याला थांबवा, हसला तरी.

भिंतीपलीकडे कोणीतरी सुपारी कातरत बसलेलं असतं. एवढं पुढे सांगा.